बाळाची खोली आणि शोक करणारे हात

इंग्रजीतल्या 'नर्सरी' या शब्दाचे तीन अर्थ आहेत : रोपवाटिका, लहान मुलांची शाळा आणि घरातली तान्ह्या बाळाची खोली. यांतले पहिले दोन अर्थ मराठीने शब्दासकट उचलले. गुलाबाचं कलम आणायला आपण नर्सरीत जातो आणि तीन वर्षांच्या मुलाचं नावही नर्सरीत घालतो. तिसरा अर्थ मात्र उंबऱ्याबाहेरच राहिला, कारण तशी खोलीच आपल्याकडे नव्हती. आपलं बाळ बाळंतिणीच्या खोलीत आईच्या कुशीत, माजघरातल्या तुळईच्या कडीला टांगलेल्या पाळण्यात, नाहीतर जुन्या लुगड्याच्या झोळीत वाढलं. त्याच्या जन्माआधीच चार भिंती रंगवून ठेवायच्या, हे आपल्या शहरी मध्यमवर्गात अलीकडचं आहे.

अशी खोली तयार झाली आणि बाळ आलंच नाही, किंवा आलं आणि राहिलं नाही, तर त्या खोलीचं काय करायचं? ती तशीच ठेवायची, तिला कुलूप लावायचं, की भिंतींचा रंग बदलून तिचं दुसरंच काही करायचं? प्रश्न घरसजावटीचा वाटतो. पण तो ज्या घरात उभा राहतो तिथे नवरा-बायको एकमेकांशी बोलेनासे होतात. प्रसंग विरळाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे १९ लाख मुलं मृत जन्मली, आणि या मोजणीत गर्भारपणाचे २८ आठवडे पूर्ण झाल्यानंतरचीच मुलं धरलेली आहेत. त्याआधी गेलेल्यांची गणती वेगळी.

इंग्रजी साहित्यात ही खोली आणि तिच्याभोवतीचा शोक शंभराहून अधिक वर्षं येत राहिला आहे. त्यातल्या काही कृती मी इथे एकत्र वाचणार आहे आणि शेवटी आपल्या पाळण्यापाशी येणार आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : बाळ गेल्यावर घरात जी कामं करावी लागतात, म्हणजे खणणं, खरवडणं, रंगवणं, घडी घालणं, विकणं, देऊन टाकणं, त्या कामांना आपण विसरण्याची सुरुवात समजतो. साहित्य नीट वाचलं तर दिसतं की ही कामं हाच शोक असतो. आणि घरात जो कलह होतो तो खोली बदलण्यावरून होत नाही. ती कोणी बदलली, कोणाला बदलू दिली नाही आणि कोणाला नुसतं बघत बसावं लागलं, यावरून होतो.

खिडकीतून दिसलेलं फावडं

या विषयावरची इंग्रजीतली सर्वांत अस्वस्थ करणारी कविता रॉबर्ट फ्रॉस्टची 'होम बरिअल' ही आहे. १९१४ साली लंडनमध्ये निघालेल्या 'नॉर्थ ऑफ बॉस्टन' या संग्रहात ती आली. कविता जवळजवळ सगळी संवादात आहे. न्यू इंग्लंडमधलं शेतावरचं घर. बायको, एमी, जिन्याच्या वरच्या टोकाशी उभी राहून खिडकीतून काहीतरी पाहते आहे. नवरा खालून वर येतो आणि ती काय पाहते ते त्याला पहिल्यांदाच कळतं. खिडकीतून घराण्याची लहानशी दफनभूमी दिसते आणि तिच्यात त्यांच्या पहिल्या मुलाची नवी माती. नवऱ्याला नावही नाही. तो त्या दफनभूमीच्या आकाराची तुलना निजायच्या खोलीशी करतो. माझ्या मते सगळी कविता या तुलनेत सामावली आहे. बाळासाठी घरात जी खोली व्हायची ती बाहेर, मातीत झाली आहे.

एमीचा राग कशावर आहे? बाळाच्या मृत्यूसाठी ती नवऱ्याला दोष देत नाही. बाळाची कबर त्याने स्वतःच्या हाताने खणली आणि ती तिने याच खिडकीतून पाहिली, हे तिला सोसवत नाही. मातीचे खडे वर उडताना तिने पाहिले. हा माणूस कोण, हे तिला ओळखू येईना. मग तो मातीचे बूट घेऊन घरात आला, फावडं दाराशी भिंतीला टेकवलं आणि स्वयंपाकघरात बसून पावसाधुक्यात बर्चचं कुंपण किती लवकर कुजतं याबद्दल बोलला. पलीकडच्या अंधाऱ्या बैठकीच्या खोलीत बाळ होतं, आणि हा कुंपणाबद्दल बोलतो! या क्षणापासून ती त्याला परकी झाली.

वाचक पहिल्या वाचनात एमीच्या बाजूने जातो. दुसऱ्या वाचनात कुंपणाचं ते वाक्य वेगळं ऐकू येऊ लागतं. माणूस आपल्या हाताने जे उभारतो ते थोड्याशा ओल्या हवेत कुजून जातं, हे बाळाबद्दलच बोलणं आहे. त्या माणसाकडे दुसरी भाषा नाही. त्याला शेताची भाषा येते आणि तो तीत रडला आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो बोलण्याआधीच खणून आला होता. शेजाऱ्याला सांगता आलं असतं. त्याने सांगितलं नाही. बापाने आपल्या मुलासाठी केलेलं ते शेवटचं आणि बहुधा पहिलंही काम असेल.

रशियन कवी जोसेफ ब्रॉडस्की याने या कवितेवर प्रदीर्घ निबंध लिहिला आणि १९९५ च्या आपल्या निबंधसंग्रहाला त्याचंच नाव दिलं. शोक आणि तर्क अशी जोडी त्या नावात आहे. जिन्याच्या पायऱ्यांवर कोण कधी वर आहे, कोण खाली, याचं त्याने केलेलं वाचन मराठी अभ्यासकांनी मुळातून पाहावं असं आहे. मला मात्र या जोडीत तिसरा घटक ठेवावासा वाटतो : हात. नवऱ्याला तर्काच्या पारड्यात टाकलं की फावड्याचा हिशेब लागत नाही. खणणं हे तर्काचं काम नाही.

म्हणून नवरा निर्दोष ठरतो का? नाही. कवितेच्या शेवटी एमी दार उघडून निघते तेव्हा तो तिला जबरदस्तीने परत आणण्याची भाषा करतो. आणि त्याची खरी चूक त्याच्या बोलण्याच्याही आधीची आहे. तो एकटाच खणायला गेला आणि तिच्या वाट्याला खिडकी आली. ज्याच्या हाताला काम मिळालं त्याचा शोक मातीत उतरला, जिच्या हाताला मिळालं नाही तिचा डोळ्यांत साकळला. एमी निष्ठुरपणाचा आरोप करते तेव्हा त्याच्या तळाशी मला आणखी एक वाक्य ऐकू येतं, जे ती म्हणत नाही : मला का बोलावलं नाहीस?

फ्रॉस्टचा पहिला मुलगा एलियट १९०० साली चौथं वर्ष पुरं होण्याआधीच गेला. १९०७ साली जन्मलेली एक मुलगी काही दिवसच जगली. फ्रॉस्ट जाहीर वाचनात ही कविता वाचत नसे, असं त्याचे अभ्यासक नोंदवतात. कवितेतलं जोडपं म्हणजे फ्रॉस्ट पती-पत्नीच, असं मी म्हणणार नाही. पण फ्रॉस्ट स्वतः शेती करत होता आणि कुंपणांबद्दल त्याने आयुष्यभर लिहिलं, एवढं लक्षात ठेवावं.

न बदललेला कागद

खोली बदलू न देणं म्हणजे काय, हे पाहायचं तर वीस-बावीस वर्षं मागे जावं लागतं. शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'द यलो वॉलपेपर' ही कथा जानेवारी १८९२ मध्ये 'न्यू इंग्लंड मॅगझीन'मध्ये आली. १९७३ साली स्त्रीवादी प्रकाशनाने तिचं पुनर्मुद्रण केलं तेव्हापासून ती जगभर अभ्यासक्रमांत आहे, त्यामुळे कथानक फार सांगत बसत नाही. या कथेतलं बाळ जिवंत आहे. गमावलेल्या बाळांच्या चर्चेत ती मी आणतो ती दोन कारणांनी. एक, तिची नायिका बाळंत झाली आहे आणि बाळ तिच्यापासून दूर ठेवलेलं आहे. दोन, तिला जिथे डांबलं आहे ती खोली पूर्वी नर्सरी होती. खिडक्यांना मुलांसाठी गज आहेत आणि भिंतींवर फाटका, मळकट पिवळा कागद आहे.

म्हणजे बाळाच्या खोलीत बाळाऐवजी आई आहे. तिची मागणी साधी आहे : हा कागद बदला. डॉक्टर नवरा आधी हो म्हणतो, मग विचार बदलतो. आज कागद बदलला तर उद्या पलंग, परवा खिडकीचे गज, असं त्याचं म्हणणं. रुग्णाच्या लहरींना वाव देऊ नये. ती जे काम मागते ते तिचं लक्षण ठरतं आणि कामाला मनाई हा उपचार. शेवटी ती हात पोचेल तिथवरचा कागद नखांनी सोलून काढते. खोली बदलण्याचं काम तिला रीतसर मिळालं नाही, ते तिने असं केलं.

गिलमन यांच्या आयुष्यातला यामागचा प्रसंग प्रसिद्ध आहे. १८८५ साली मुलीच्या जन्मानंतर त्यांना खोल नैराश्याने घेरलं. १८८७ मध्ये फिलाडेल्फियाला डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी त्यांच्यावर विश्रांतीचा उपचार केला आणि लेखणी, कुंचला, पेन्सिल यांना आयुष्यभर हात लावू नये असं सांगून घरी पाठवलं, असं त्यांनी पुढे स्वतः लिहिलं. गिलमन यांनी चित्रकलेचं शिक्षण घेतलेलं होतं, हे इथे ध्यानात घ्यावं.

फिलाडेल्फिया म्हटलं की मराठी वाचकाला दुसरं नाव आठवणारच. त्याच शहरात वर्षभर आधी, ११ मार्च १८८६ रोजी, आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीची पदवी मिळाली होती. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. डॉक्टर होण्याच्या निश्चयाचं मूळ त्यांचे चरित्रकार या मृत्यूत शोधतात. पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. परदेशात, परक्या भाषेत, थंडीने आणि आजाराने खंगत असताना एकविशीही न ओलांडलेली बाई बाळंतपणावर प्रबंध लिहिते, याला आपण जिद्द म्हणतो. ती आहेच. पण दहा दिवसांच्या त्या बाळासाठी तिच्या हातांनी केलेलं ते कामही आहे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाई गेल्या. त्याच वर्षी त्यांच्या फिलाडेल्फियात एका दुसऱ्या आईला काम करू नकोस असं सांगितलं गेलं. या दोघींची भेट झाली नाही आणि दोघींची दुःखंही वेगळी. पण शेजारी ठेवून वाचल्या की कामाचा हक्क आणि शोकाचा हक्क किती जवळचे आहेत ते कळतं.

जाहिरातीचा लेखक कोण?

आता एका वाङ्मयीन दंतकथेकडे वळतो. अर्नेस्ट हेमिंग्वे मित्रांबरोबर जेवायला बसला होता, सहा शब्दांत कथा लिहून दाखवीन अशी त्याने पैज लावली आणि कधीच न वापरलेल्या बाळाच्या बुटांची जाहिरात लिहून पैज जिंकली, ही गोष्ट मराठी कार्यशाळांतूनही सांगितली जाते. गोष्ट खरी असल्याचा पुरावा नाही. हेमिंग्वे १९६१ साली वारला आणि ही पैजेची कथा छापील स्वरूपात सापडते ती १९९१ पासून.

तिचं मूळ मात्र जुनं आहे आणि ते दंतकथेहून मोलाचं आहे. १६ मे १९१० च्या 'स्पोकेन प्रेस' या अमेरिकी वृत्तपत्रात एक बातमी आहे. विषय आहे दुसरीकडे छापून आलेली छोटी जाहिरात : हाताने शिवलेले बाळाचे कपडे आणि बाळाचा पलंग विक्रीला, वापरलेले नाहीत. त्या जाहिरातीमागे काय घडलं असेल ते वार्ताहराला कळलं आणि त्याने त्याची बातमी केली. १९१७ मध्ये विल्यम केन या लेखकाने कथालेखनाचं उदाहरण म्हणून न वापरलेल्या चिमुकल्या बुटांची कल्पना मांडली. १९२१ मध्ये एका स्तंभलेखकाने बाळाच्या गाडीच्या अशाच जाहिरातीची दखल घेतली. म्हणजे ही 'कथा' लेखकांच्या जगात आली ती वर्तमानपत्राच्या मागल्या पानावरून.

संशोधनाच्या दृष्टीने श्रेय कोणाचं हा प्रश्न इथे सुटतो. हेमिंग्वेचं नाही. पण समीक्षेच्या दृष्टीने तिथूनच प्रश्न सुरू होतो. ते कपडे कोणीतरी हाताने शिवले होते. बाळ गेल्यावर कोणीतरी ते पेटीतून काढले, मोजले, पलंग कोपऱ्यातून हलवला, जाहिरात लिहिली, तिचे पैसे भरले. 'वापरलेले नाहीत' हे गिऱ्हाइकाला सांगणं व्यवहाराला धरून आहे, कारण नव्या वस्तूला भाव जास्त येतो. बहुधा पैशांची गरजही होती. व्यवहाराची भाषा आणि शोकाची भाषा एकच झाली आहे, फ्रॉस्टच्या कुंपणासारखी. फरक एवढाच की इथे ऐकणारी एमी नव्हती, वार्ताहर होता, आणि त्याला बरोबर ऐकू आलं.

ते लिहिणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत नाही. नंतरच्या पिढ्यांनी ती निनावी खोली आवरण्याची कृती उचलली, तिच्यातलं काम पुसून टाकलं, चमत्कृती तेवढी ठेवली आणि एका नामवंत पुरुषाच्या नावावर चढवली. नावाजलेल्या लेखकाची पैज ऐकायला सोपी जाते. पलंग विकायला काढणारी बाई किंवा बाप्या ऐकायला जड जातो.

न आलेल्यांच्या खोल्या

हिलरी मँटेल यांचं 'गिव्हिंग अप द घोस्ट' हे आत्मकथन २००३ साली आलं. ऐतिहासिक कादंबऱ्यांमुळे त्या आपल्याकडे वाचल्या जातात, हे पुस्तक तुलनेने कमी. एंडोमेट्रिओसिस या आजाराचं निदान वर्षानुवर्षं झालं नाही. दुखणं मनाचं आहे असं डॉक्टर सांगत राहिले. अखेर वयाच्या २७ व्या वर्षी शस्त्रक्रियेत मूल होण्याची शक्यताच संपली. पुस्तकात कॅट्रिओना नावाची मुलगी आहे, जी कधी जन्मली नाही. गर्भपात नाही, मृत जन्म नाही. नुसतं ठरवून ठेवलेलं नाव.

हा शोक कोणत्या रकान्यात घालायचा? मँटेल त्याला घरांत घालतात. पुस्तकाची सुरुवात घर विकण्यापासून होते आणि सुरुवातीलाच जिन्यावरून सावत्र वडिलांचं भूत उतरताना दिसतं. पुढे एकामागून एक घरं येतात, खोल्या येतात आणि वाचकाला हळूहळू कळतं की दोघांच्या संसाराला लागतात त्याहून या खोल्या जास्त आहेत. त्या कोणासाठी आहेत हे लेखिकेलाही आधी स्पष्ट नसतं. फ्रॉस्टच्या कवितेत खोली नव्हती म्हणून कबर खोलीसारखी दिसली. मँटेल यांच्याकडे कबर नाही, म्हणून खोल्या आहेत. त्या रिकाम्या करण्याचं काम त्या लिहून करतात. मँटेल यांचं वाक्य कोरडं, विनोदी, कुठेही हात पसरत नाही. आवराआवर करणाऱ्या बाईची ती शैली आहे. मराठीत आत्मकथनाची परंपरा इतकी समृद्ध असून न झालेल्या मुलाबद्दल इतक्या कोरड्या डोळ्यांनी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

कडी आणि धोंडा

मग आपल्याकडे, खोली नसलेल्या घरांत, हा शोक कुठे राहिला?

आधी शास्त्र काय म्हणतं ते पाहू. मनुस्मृतीनुसार दोन वर्षांच्या आतल्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. व्यवहारात दात न आलेल्या मुलाला पुरण्याची चाल सर्वत्र आहे. म. म. पां. वा. काणे यांनी 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'च्या चौथ्या खंडात अशौचाचे नियम तपशिलाने दिले आहेत. ते वाचताना जाणवतं की मूल जितकं लहान तितकं सुतक आखूड. दहावं नाही, तेरावं नाही, श्राद्ध नाही. त्यामागची दृष्टी दयेचीही म्हणता येईल, कारण घरोघरी मुलं जात असताना प्रत्येकासाठी तेरा दिवस बसणार कोण? पण परिणाम असा की या शोकाला हाताने करायचं काहीच उरलं नाही. मोठ्या माणसाच्या मृत्यूनंतर पिंड वळायचे असतात, पानं मांडायची असतात, हातांना तेरा दिवस काम असतं. तान्ह्या बाळाच्या आईचे हात मोकळे.

गोविंदाग्रजांची 'राजहंस माझा निजला' ही कविता मला याच अर्थाने महत्त्वाची वाटते. मेलेलं मूल मांडीवर घेऊन बसलेली आई भोवतालच्यांना सांगते की आवाज करू नका, तो झोपला आहे. आपण ही कविता शाळेपासून करुणरसाचा नमुना म्हणून वाचतो आणि आईला भ्रम झाला असं समजतो. पण ती करते काय ते पाहा. ती निजवण्याचं काम करते आहे. आईला येणारं, नेमून दिलेलं ते काम आहे आणि भोवतालचे लोक नेमकं तेच काढून घ्यायला आले आहेत. एमीच्या हाती काम नव्हतं. या आईच्या हाती आहे आणि ते ती सोडत नाही.

रिकामा पाळणा हलवू नये, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. बाळासाठी जन्माआधी नवं काही घेऊ नये, पहिली कुंची-दुपटी जुन्या मऊ कापडाची असावीत, पाळणा बारशाच्या दिवशी बांधावा, अशा समजुती घरोघर आहेत. त्यांना अंधश्रद्धा म्हणून निकालात काढण्यापूर्वी त्यांचा उपयोग पाहावा. बाळाचं जगणं भरवशाचं नसलेल्या काळातली ही घराची मांडणी आहे : मोडावं लागेल असं काही आधीपासून उभारायचंच नाही. पाळणा बहुतेकदा नात्यागोत्यातून फिरता असे, तो पुढच्या घरी जाई. तुळईची कडी तेवढी राही. ती कडी म्हणजे आपली नर्सरी.

आणि नावं. मागची मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, भिकू, केरू ठेवायचं. मृत्यूला वाटावं, हे टाकाऊ आहे. ('नकुशी' हे नाव या कुळातलं नाही. ते मुलगी नको असल्याचं आहे. दोन्ही एका यादीत घालणं ही अभ्यासातली गफलत होईल.) माझ्या वडिलांना घरात सगळे धोंडू म्हणत. त्यांच्या आधीची आजीची तीन मुलं राहिली नव्हती. ती बारशापर्यंत पोचलीच नाहीत, म्हणून त्यांना नावंही नव्हती, आणि घरात त्यांचा विषय निघत नसे. पण दिवसातून पन्नास वेळा आजी 'धोंडू' अशी हाक मारी, आणि ते नाव का आहे हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. मला यात अंधश्रद्धेपेक्षा जास्त काही दिसतं. शास्त्राने ज्यांना श्राद्ध दिलं नाही त्यांची आठवण घराने जिवंत मुलाच्या नावात बांधून ठेवली. हे नाव आजीनेच ठेवलं होतं, असं वडील सांगत.

कुंचला कोणाच्या हाती

आज आपल्या इमारतींच्या नकाशांत मुलांची खोली आली आहे. पहिल्या बाळाची चाहूल लागली की तिचा रंग ठरतो. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी असल्यामुळे गुलाबी की निळा हा इंग्रजी प्रश्न आपल्याकडे उठत नाही, पिवळा किंवा पोपटी चालून जातो. डोहाळजेवणाचे फोटोही त्याच खोलीत निघतात. म्हणजे जे आधी उभारायचं नाही असं आजीच्या पिढीने ठरवलं होतं, ते आपण उभारू लागलो. त्यात गैर काही नाही, बालमृत्यूचं प्रमाण आज पूर्वीच्या मानाने खूपच खाली आलं आहे. पण ज्यांच्या वाट्याला ते येतं त्यांच्यासमोर आता कडी नसते, रंगवलेल्या चार भिंती असतात.

आणि इथे आपली जुनी माया आडवी येते. बाई दवाखान्यातून यायच्या आत घरची मोठी माणसं खोली रिकामी करतात. कपडे कोणाला तरी देऊन टाकतात, पाळणा माळ्यावर जातो, भिंतीवरचे चिकटवलेले हत्ती-ससे खरवडले जातात. तिला दिसायला नको, हा हेतू चांगला असतो. कायदाही या बाईला अगदीच विसरलेला नाही. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा त्यात आहे, आणि मृत जन्माची नोंद करण्याची तरतूद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात आहे. रजा मिळते, नोंद होते आणि घरी आल्यावर खोली आवरलेली असते. सगळी कामं कोणीतरी करून ठेवलेली असतात. एमीला निदान खिडकी होती.

यावर एक आक्षेप रास्त आहे : सगळ्यांनाच ते काम करवणार नाही. काहींना ती खोली उघडवतही नाही आणि त्यांच्यावर आवराआवरीची सक्ती करणं हा दुसरा जाच होईल. हे मान्य आहे. काम केलं की दुःख हलकं होतं असा दावा मी करत नाही, आणि वर उल्लेख केलेल्या एकाही कृतीत तसं घडत नाही. फ्रॉस्टचा बाप खणून आल्यावरही तितकाच एकटा आहे. गिलमनची नायिका कागद सोलून बरी होत नाही. माझा मुद्दा विचारण्यापुरता आहे. खोली केव्हा उघडायची, कोणता कपडा ठेवायचा, भिंतीला कोणता रंग द्यायचा आणि तो आपण द्यायचा की रंगाऱ्याने, हे त्या आईला आणि बापाला विचारलं जावं. उत्तर 'तुम्हीच करा' असं आलं तर तेही उत्तरच आहे.

मराठी कथा-कादंबरीत हा प्रसंग आता येऊ लागेल, यायलाच हवा. तो येईल तेव्हा समीक्षकांनी अश्रूंची मोजदाद करू नये. त्या खोलीत कोण काय करतं आहे ते पाहावं. जोडप्यातला एक जण पट्टी घेऊन भिंत मोजत असेल आणि रंगाच्या डब्याच्या भावाबद्दल बोलत असेल, तर त्याला निष्ठुर ठरवण्याआधी तो काय मोजतो आहे ते ऐकावं. आणि दुसरी दाराच्या चौकटीत नुसती उभी असेल, तर लेखकाने तिच्या हातात काही दिलं आहे का, तेही पाहावं.